हातांवर मोजलेला पायांचा आजार: जीएनई मायोपॅथीवरच्या एका औषधाचं प्रकरण

ऑगस्ट २०१७ मध्ये अल्ट्राजेनिक्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने जाहीर केलं, की जीएनई मायोपॅथी या आनुवंशिक स्नायुविकारावरच्या तिच्या औषधाची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी अपयशी ठरली आहे आणि कंपनी हे काम थांबवत आहे. मार्च २०२४ मध्ये त्याच औषधाला जपानमध्ये मान्यता मिळाली. रेणू तोच, असेन्युरामिक आम्ल. गोळीही तशीच, पोटात गेल्यावर हळूहळू विरघळणारी. मात्राही तीच, दिवसाला ६ ग्रॅम. मधल्या साडेसहा वर्षांत औषध बदललं नव्हतं. बदलला तो पुराव्याकडे बघणारा माणूस.

सावकाश वाढणाऱ्या, प्रौढ वयात सुरू होणाऱ्या आनुवंशिक स्नायुविकारावर औषध तपासणं एवढं अवघड का असतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ते जरा सविस्तर मांडतो.

आजार

विशी-तिशीतला धडधाकट माणूस. चालताना चवडा नीट उचलला जात नाही. सपाट फरशीवर ठेच लागते, चप्पल पायातून निसटते. टाचांवर चालून दाखवा म्हटलं तर जमत नाही. चवडा पडण्याचं खापर आधी मणक्यावर किंवा नसांवर फुटतं आणि त्यात काही वर्षं जाऊ शकतात, कारण स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके हे एन्झाइम इथे बऱ्याचदा थोडंसंच वाढलेलं असतं, कधी तर अगदी नॉर्मल. मग मांडीचे मागचे स्नायू, खुबा, आणि पुढे हात आणि खांदे. साधारण दहा ते वीस वर्षांत व्हीलचेअर.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू, क्वाड्रिसेप्स, हा आजार शेवटपर्यंत जवळजवळ सोडून देतो. पायाची बोटं वर उचलता न येणारा माणूस गुडघा मात्र पूर्ण ताकदीनिशी सरळ करतो. तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टला हीच खूण पुरते. ही खूण पुढे चाचणीतही आडवी येणार आहे, म्हणून ती लक्षात असू द्या.

जपानमध्ये इकुया नोनाका यांनी १९८१ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १९८४ मध्ये जेरुसलेममध्ये झोहर अर्गोव्ह यांनी इराणी ज्यू कुटुंबांतल्या अशाच आजाराबद्दल लिहिलं. दोघांना दिसलेला आजार एकच आहे, हे कळायला जनुक सापडावं लागलं. २००१ मध्ये इस्रायली गटाने नवव्या गुणसूत्रावरच्या जीएनई या जनुकातले दोष दाखवले आणि पाठोपाठ जपानी रुग्णांतही त्याच जनुकात दोष निघाले. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होतो. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या आपसातच लग्नं होणाऱ्या समाजांत तो जास्त दिसतो. एरवी तो फार दुर्मीळ आहे. दहा लाखांत एक ते नऊ, असा अंदाज सांगतात.

कल्पना साधी होती

जीएनई जनुक जे एन्झाइम बनवतं, ते शरीरात सायलिक आम्ल तयार होण्याच्या पहिल्या दोन पायऱ्या सांभाळतं. सायलिक आम्ल म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या टोकाला बसणारी साखर. सुरुवातीला सांगितलेलं असेन्युरामिक आम्ल ते हेच. एन्झाइम अधू, म्हणून सायलिक आम्ल कमी, म्हणून स्नायू दुबळे. मग वरून सायलिक आम्ल द्या. शाळेतल्या मुलालाही पटेल असा हा तर्क आहे.

२००९ मध्ये जपानी संशोधकांनी तो उंदरांवर सिद्धही करून दाखवला. माणसातला एक दोष ज्यांच्यात घातला होता, अशा उंदरांना सायलिक आम्ल किंवा त्याआधीच्या पायरीचा मॅनॅक हा पदार्थ दिला, तर त्यांना आजार होतच नव्हता. 'नेचर मेडिसिन'मध्ये निबंध आला आणि जगभरच्या रुग्णगटांत आशेची लाट उसळली.

त्या निबंधातल्या दोन गोष्टींकडे मात्र उत्साहाच्या भरात पुरेसं लक्ष गेलं नाही, असं मला वाटतं. एक, ते उपचार प्रतिबंधक होते. लक्षणं येण्याआधी सुरू केलेले. चाचणीत येणारी माणसं दहा-दहा वर्षं आजारी असणार होती आणि त्यांच्या स्नायूंची जागा काही ठिकाणी चरबीने घेतलेली असणार होती. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या उंदरांतला दोष एन्झाइमच्या पहिल्या भागातला होता. इराणी ज्यूंमध्ये सर्रास आढळणारा एम७४३टी हा दोष दुसऱ्या भागात, म्हणजे कायनेजमध्ये बसतो. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या गटाने हाच दोष उंदरांत घातला, तेव्हा पिल्लं जन्मल्यावर तीन दिवसांतच मूत्रपिंडाच्या विकाराने दगावली होती. रुग्णांची मूत्रपिंडं तर ठणठणीत असतात. उंदराच्या आणि माणसाच्या शरीरात हे जनुक सारखंच वागत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

अल्ट्राजेनिक्सची स्थापना २०१० मध्ये एमिल काकिस यांनी केली. दुर्मीळ चयापचय विकारांवरच्या औषधांत हात बसलेला हा माणूस. जपानच्या नोबेलफार्मा कंपनीकडून त्यांनी हे औषध घेतलं. सायलिक आम्ल साध्या रूपात दिलं की मूत्रपिंडं ते चटकन बाहेर टाकतात. म्हणून हळूहळू सुटणारी गोळी. जपानमध्ये आज मिळते ती गोळी ५०० मिलिग्रॅमची आहे. दिवसाला ६ ग्रॅम म्हणजे रोज बारा गोळ्या.

मोजायचं काय?

औषध तयार होतं, रुग्ण तयार होते. अडलं ते मोजपट्टीपाशी.

आजार पायांपासून सुरू होतो. रुग्णाची तक्रार पायांची. मग पायच मोजा की! पण चाचणीत येईपर्यंत नडगीपुढचा स्नायू बहुतेकांत संपलेला असतो. जे शून्यावर आलं आहे ते आणखी खाली जाऊ शकत नाही, आणि गोळीने वर येण्याची शक्यताही नसते. उलट टोकाला क्वाड्रिसेप्स आहे. तो जात्याच शाबूत राहतो, म्हणून तिथेही औषधाला दाखवण्यासारखं काही नाही. सहा मिनिटांत किती चालता हे बघावं, तर क्वाड्रिसेप्सच्या बळावर माणूस बराच काळ चालत राहतो आणि चाल त्यामानाने हळू घसरते. राहिले हात. पकड, खांदा बाजूला उचलणं, कोपर वाकवणं, कोपर ताठ करणं. हातांच्या या स्नायूंचा ऱ्हास मधल्या टप्प्यात चालू असतो, म्हणून फरक दिसायला तिथे वाव असतो. तपासनीसाच्या हातात धरायच्या डायनॅमोमीटरने या चारही हालचालींचा जोर किलोग्रॅममध्ये मोजायचा आणि बेरीज करायची. ही बेरीज चाचणीचं मुख्य माप ठरली.

संख्याशास्त्राच्या बाजूने हा निर्णय चूक नव्हता. पण रुग्णाच्या बाजूने बघा. जिना चढता येईना म्हणून आलेल्या माणसाला औषध चाललं की नाही, हे त्याच्या कोपराच्या जोरावरून ठरणार होतं. शिवाय जोर ही काही वजनकाट्यावर ठेवलेली वस्तू नव्हे. तो लावणाऱ्याच्या मनावर, थकव्यावर, झोपेवर अवलंबून असतो, आणि हातात धरायचं यंत्र असेल तर तपासनीस किती घट्ट उभा आहे यावरही. एकाच माणसाचा आकडा सकाळ-संध्याकाळ हलतो, आणि औषधाचा अपेक्षित फायदा तर दोन-तीन किलोंचाच.

४७ जणांची चाचणी

दुसऱ्या टप्प्यात ४७ रुग्ण होते. सोडतीने तीन गट पाडले. एकाला ३ ग्रॅम, एकाला ६ ग्रॅम, एकाला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. चोवीस आठवड्यांनी प्लासिबो घेणाऱ्यांनाही ३ किंवा ६ ग्रॅमवर घेतलं आणि आणखी चोवीस आठवडे सगळे औषधावर राहिले.

चोवीस आठवड्यांनी ६ ग्रॅमचा गट हातांच्या बेरजेत प्लासिबोपेक्षा २.३३ किलोंनी वर होता. पी-मूल्य, म्हणजे औषध निरुपयोगी असूनही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.०४०; ते ०.०५ च्या खाली आलं की फरक लक्षणीय धरतात. अठ्ठेचाळीस आठवड्यांनी ६ ग्रॅमचा एकत्रित गट ३ ग्रॅमच्या एकत्रित गटापेक्षा ३.४४ किलोंनी वर, पी-मूल्य ०.००३१. पायांच्या बेरजेत लक्षणीय फरक नव्हता. सुरुवातीला सहा मिनिटांत २०० मीटरांपेक्षा जास्त चालू शकणाऱ्यांत फायदा अधिक दिसला.

वाचणाऱ्याची नजर साहजिकच ०.००३१ वर खिळते. पण तो आकडा कशाची तुलना करतो? औषधाची औषधाशी. अठ्ठेचाळीसाव्या आठवड्यात प्लासिबोवर कोणी उरलंच नव्हतं. ३ ग्रॅमला जणू प्लासिबोच्या जागी उभं केलं होतं. औषध विरुद्ध काहीच नाही, या प्रश्नाचं उत्तर फक्त पहिल्या आकड्यात होतं, आणि तो ०.०४० होता, गटामागे साधारण पंधरा माणसं, दोन मात्रा, अनेक मापं. अशा ठिकाणी एखादं माप योगायोगानेही उंबरठा ओलांडतं.

याचा अर्थ दुसरा टप्पा वाया गेला असा नाही. दुसरा टप्पा असतोच वाट दाखवायला. पण कंपनीने युरोपात याच पुराव्यावर सशर्त मान्यतेचा अर्ज केला, आणि २०१६ मध्ये तो मागे घ्यावा लागला. एवढ्या आकड्यांवर फायदा सिद्ध होत नाही, असा युरोपीय तज्ज्ञ समितीचा कल होता. पुढे जे झालं ते पाहता त्यांची शंका रास्त होती.

८९ जणांची चाचणी

तिसऱ्या टप्प्याची आखणी दुसऱ्याच्या धड्यांवरच झाली. फक्त ६ ग्रॅम. किमान २०० मीटर चालू शकणारेच रुग्ण. पूर्ण अठ्ठेचाळीस आठवडे प्लासिबो. ४५ जण औषधावर, ४४ जण प्लासिबोवर, आणि कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्याला. केंद्रं अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, इटली, बल्गेरिया आणि इस्रायलमध्ये. दहा लाखांत मोजके रुग्ण असलेल्या आजारासाठी ८९ माणसं गोळा करणं ही लहान गोष्ट नाही. न्यूकासल विद्यापीठातल्या रुग्णनोंदणीसारखी कामं आधी उभी राहिली होती, म्हणून ते शक्य झालं.

निकाल असा. अठ्ठेचाळीस आठवड्यांत औषधावरच्या गटाने हातांच्या बेरजेत २.२५ किलो गमावले, प्लासिबोच्या गटाने २.९९ किलो. फरक ०.७४ किलो. पी-मूल्य ०.५३८७. म्हणजे काही नाही.

'आजारच इतका हळू वाढतो की वर्षभरात काय दिसणार' ही सबब नेहमी पुढे येते. इथे ती लागू पडत नाही. प्लासिबोच्या गटाने जवळजवळ तीन किलो गमावले. मोजपट्टीला ऱ्हास दिसत होता. औषधाने तो थांबवला असता, तर तेही दिसलं असतं.

तरीही प्रकरण इथे मिटत नाही. त्या ०.७४ भोवतीचं ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, उणे १.६१ पासून अधिक ३.०९ किलोंपर्यंत आहे. शून्य त्यात बसतं. दुसऱ्या टप्प्यातले २.३३ किलोही त्यात बसतात. म्हणजे तिसऱ्या टप्प्याने दुसऱ्याला खोटं पाडलं नाही. दुजोरा द्यायला नकार दिला. शास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण औषध मिळण्याची वाट बघणाऱ्या माणसाला हा फरक समजावणं महाकठीण. इतकी वर्षं गोळ्या घेतल्या आणि मला बरं वाटत होतं, असं म्हणणाऱ्या माणसाला विश्वासांतर दाखवून काय होणार?

औषध का चाललं नसावं? मला सर्वात संभाव्य वाटतं ते हे: रक्तातलं सायलिक आम्ल वाढलं म्हणून ते स्नायूच्या पेशीत पुरेसं शिरतंच असं नाही. मोकळं सायलिक आम्ल पेशीत सहज शिरत नाही. मॅनॅक त्यामानाने सोपेपणाने शिरतं. दुसरी शक्यता अधिक अस्वस्थ करणारी आहे. जीएनई प्रथिनाचं पेशीतलं काम सायलिक आम्लापुरतं नसेल, तर ते आम्ल कितीही ओतलं तरी आजाराच्या मुळाला हात लागणार नाही. आणि तिसरी म्हणजे वेळ. गेलेला स्नायू कुठलीही साखर परत आणत नाही.

जपान

जपानमध्ये नोबेलफार्माने आणि तोहोकू विद्यापीठाच्या मासाशी आओकी यांच्या गटाने औषध सोडलं नाही. तिथल्या चाचण्या आणखी छोट्या होत्या; वीस रुग्णांच्या आसपास. पण तिथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. डिस्टल मायोपॅथी (हातापायांच्या टोकांकडून सुरू होणारे स्नायुविकार; जीएनई मायोपॅथी त्यातच मोडते) हा २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या दुर्धर आजारांपैकी एक आहे, त्यामुळे रुग्ण सरकारदरबारी दिसतो. आणि २००८ पासून रुग्णांची संघटना लाखो सह्या गोळा करून औषधाचा पाठपुरावा करत होती. ही माणसं व्हीलचेअरवरून मंत्रालयांचे उंबरे झिजवत होती. २०२४ ची मान्यता या सगळ्याच्या शेवटी आली.

हा निर्णय चूक का बरोबर? दुसरा कुठलाही उपाय नसलेला आजार, विशेष धोका नसलेलं औषध, आणि लहान चाचणीत बरा दिसलेला कल. यावर एखाद्या समाजाने 'देऊन बघू' म्हणणं मला समजू शकतं. पण तो समाजाचा निर्णय आहे. औषध चालतं का, असं कोणी मला विचारलं तर मी वीस जणांच्या चाचणीआधी ८९ जणांच्या चाचणीकडे बोट दाखवीन. अमेरिका आणि युरोपात औषधाला मान्यता नाही.

मुंबई, राजस्थान, सोफिया

भारतीय रुग्णांत व्ही७२७एम हा दोष वारंवार सापडतो. बंगळुरूच्या निम्हान्समधून आणि मुंबईतून त्यावर बरंच काम झालं आहे. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट सतीश खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला, तो मला या सगळ्या वाचनात सर्वात रंजक वाटला. मूळ राजस्थानच्या काही रुग्णांत त्यांना आय६१८टी हा दोष मिळाला. हा दोष आधी ठाऊक होता तो युरोपातल्या रोमा लोकांमुळे. रोमांचे पूर्वज वायव्य भारतातून निघून हजारेक वर्षं होऊन गेली. भाषा बदलली, धर्म बदलले, पण जीएनई जनुकातलं ते एक अक्षर बदललं नाही. आठवा, तिसऱ्या टप्प्याचं एक केंद्र बल्गेरियात होतं. केंद्रांच्या यादीत भारत नव्हता, पण राजस्थानातून गेलेला तो दोष बल्गेरियाच्या सोफिया या राजधानीमार्गे चाचणीत पोहोचला असेल.

हा विनोद नाही. त्यामागे कामाचा प्रश्न आहे. वेगवेगळ्या दोषांत आजाराचा वेग वेगळा असतो. जपानमध्ये व्ही६०३एल हा दोष दोन्ही प्रतींत असला तर चालणं लवकर जातं. डी२०७व्ही सोबत असला तर आजार सौम्य राहतो. पंधरा-वीस जणांच्या गटात सोडतीने एकीकडे जरा जास्त वेगाने खालावणारे रुग्ण आले, तर औषधाने काहीच न करताही गटांत फरक दिसतो. व्ही७२७एम असलेल्या भारतीय रुग्णांचा आजार कोणत्या वेगाने पुढे जातो, हे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने मोजून ठेवलं, तरच इथे उद्या होणाऱ्या चाचणीला पाया मिळेल. 'वर्ल्ड विदाउट जीएनई मायोपॅथी' ही रुग्ण आणि शास्त्रज्ञांनी मिळून चालवलेली भारतीय संस्था या आजाराच्या संशोधनाला चालना देते आहे. आपल्याकडच्या रुग्णाने स्वतःसाठी आज करण्यासारखं काही असेल तर ते म्हणजे जनुकीय तपासणी करून नेमका दोष कागदावर आणणं आणि कुठल्या तरी नोंदणीत नाव घालणं. गोळ्या मागवण्याआधी हे.

पुढची मोजपट्टी

एनआयएचने २०११ पासून या आजाराच्या रुग्णांना औषध न देता, नुसतं वर्षानुवर्षं मोजलं. नूरिया कारिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातून २०१९ मध्ये संख्याशास्त्राचं एक नवं प्रारूप निघालं. एका स्नायूगटाची बेरीज धरून बसण्याऐवजी ते अनेक स्नायूंचे आकडे एकत्र वाचतं आणि रुग्ण आजाराच्या प्रवासात नेमका कुठे आहे, म्हणजे त्याचं 'आजाराचं वय' किती, हे काढतं. ज्याची नडगी संपली आहे त्याच्यात हात बोलतात, ज्याचे हात अजून भक्कम आहेत त्याच्यात मांडीचा मागचा भाग बोलतो. पाय की हात, हा वादच उरत नाही. औषधाने माणसाचं आजाराचं वय वाढण्याचा वेग कमी केला का, एवढाच प्रश्न.

मॅनॅकची बारा रुग्णांवरची छोटी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्लासिबो नव्हता. तुलना केली ती या नैसर्गिक नोंदींशी, आणि ऱ्हास मंदावल्यासारखा दिसला. 'मंदावल्यासारखा' हाच शब्द इथे योग्य, कारण ४७ जणांच्या चाचणीतही एकदा तसंच दिसलं होतं. म्हणून त्यानंतर अमेरिकेत अनेक केंद्रांवर मॅजीन नावाची चाचणी आखली गेली: ५१ रुग्णांची योजना, सोडतीने गट, आणि तुलनेला पुन्हा प्लासिबो.